तुमची नजर हवी आहे, की तुमच्या ओळखी?

(पत्र संक्षिप्त करून देत आहोत.)

नमस्कार. मी 37 वर्षांची आहे. 14 वर्षं नर्स म्हणून काम करतेय, त्यातली बहुतेक आयसीयूत गेली. नाइट करून घरी आल्यावर झोप लागेना म्हणून कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला लागले आणि त्याचीच गोडी लागली. गेली 7 वर्षं स्वतःचे थोडे थोडे पैसे शेअरमध्ये घालतेय. ते बरे वाढलेत. प्रत्येक खरेदी का केली हे वहीत लिहून ठेवते. आता एका लहान गुंतवणूक कंपनीने मला आरोग्य क्षेत्रातल्या कंपन्यांचा अभ्यास करण्यासाठी नोकरी देऊ केली आहे. पगार कमी आहे, पण बोनस चांगला मिळेल म्हणतात. नवरा म्हणतो, तू ठरव. वडील म्हणतात, माणसं वाचवायचं सोडून जुगाराच्या अड्ड्यावर चाललीस. वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणतात, जातेसच तर आमचेही पैसे तूच बघ. माझ्याकडे अर्थशास्त्राची पदवी नाही. आणि ज्या मूल्यांवर इतकी वर्षं काम केलं, ती तिथे टिकतील का, कळत नाही. नाहीच जमलं तर नर्सिंग थोडं थोडं चालू ठेवता येईल, असंही वाटतं. जावं का?
– रात्रपाळीवाली

रात्रपाळीवाल्या ताई,

पदवीचा प्रश्न आधी हातावेगळा करू. तुमच्या मूळ पत्राचं जवळजवळ अर्धं पान त्यानेच खाल्लंय, आणि मला विचाराल तर त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

या धंद्यात आडवाटेने आलेल्यांचा तोटा नाही. वॉल्टर श्लॉस कॉलेजची पायरी न चढता या क्षेत्रात आले आणि 1955 पासून पुढची पंचेचाळीस वर्षं त्यांनी लोकांचे पैसे सांभाळले. जिम सायमन्स गणिताचे प्राध्यापक होते, त्याआधी सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम करत. मायकेल मॉरिट्झ पत्रकार होते. बिल मिलर तत्त्वज्ञानात डॉक्टरेट करता करता ती अर्धवट सोडून इकडे वळले. मायकेल बरी तर तुमच्याच इमारतीतले म्हणायचे: मेंदूविकारांचं प्रशिक्षण घेत असलेले डॉक्टर, रात्री जागून शेअरचा अभ्यास करणारे. आता उलट बाजू पाहा. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाचे दोन भागीदार, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन, यांना 1997 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी तो फंड असा कोसळला, की बाकीची बाजारपेठ सोबत जाऊ नये म्हणून 14 बँका आणि वित्तसंस्थांना मिळून सुमारे 3.6 अब्ज डॉलर ओतावे लागले.

म्हणजे पदवीने माणूस वाचत नाही, आणि नसल्याने अडत नाही. पण पहिली यादी वाचून छाती फुगवू नका. या सगळ्या यशस्वी झालेल्यांच्या गोष्टी आहेत. ज्या नर्सा, मास्तर, वादक इकडे आले आणि दोन वर्षांत मुकाट परत गेले, त्यांच्या मुलाखती कुणी घेत नाही. शिवाय यशाचीही पुढची पानं असतात. मिलर यांच्या फंडाने 1991 ते 2005 अशी सलग 15 वर्षं अमेरिकी बाजाराच्या निर्देशांकावर मात केली. तसं दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं. 2008 मध्ये त्याच फंडाने 55 टक्के गमावले. पडत्या भावात आणखी घ्यायचं, ही ज्या सवयीची आधी वाहवा झाली, तीच सवय बँकांचे शेअर घेताना अंगाशी आली. माणूस तोच, पद्धत तीच.

मी स्वतः वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचो. गुंतवणुकीच्या कामात आल्यावर सुरुवातीला ते सांगायला लाजायचो. मग लक्षात आलं की ताळेबंदाच्या तळटिपा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे कार्यालयात फारसे नाहीत, आणि कंपन्यांना जे सांगायचं नसतं पण सांगावंच लागतं, ते नेमकं तिथेच असतं. तेव्हा अर्जात 14 वर्षांची नर्सिंग झाकू नका. ती पहिल्या ओळीत येऊ द्या.

आता तुमची 7 वर्षं. पैसे 'बरे वाढले' असं तुम्ही लिहिता. बरे म्हणजे किती, आणि कशाच्या तुलनेत? बाजार चढता असेल तर सगळ्यांचेच वाढतात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी वही घेऊन बसा. प्रत्येक वेळी जेवढे पैसे घातले तेवढेच त्याच दिवशी साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे निवड न करता निर्देशांकातलेच शेअर घेऊन ठेवणाऱ्या फंडात, घातले असते तर आज किती झाले असते, हे लाभांश धरून मांडा. हा हिशेब भल्याभल्यांना नको असतो. वॉरन बफे यांनी 2008 ते 2017 अशी दहा वर्षांची एक जाहीर पैज लावली होती. एका बाजूला साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला हेज फंडांमध्ये (म्हणजे श्रीमंतांचे पैसे जास्त फी घेऊन फिरवणाऱ्या फंडांमध्ये) पैसे गुंतवणारे पाच निवडक फंड. दहा वर्षांनी इंडेक्स फंड 125.8 टक्के वाढला होता. पाचांपैकी सगळ्यात चांगला फंड 87.7 टक्के. तो चालवणारे बुद्धीने कमी नव्हते. फीचे थर आणि सतत काहीतरी करत राहण्याचा खर्च त्यांना भोवला.

सतत काहीतरी करत राहण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या दोन अभ्यासकांनी 1991 ते 1996 या काळातली एका दलालाकडची 66,465 अमेरिकी कुटुंबांची खाती तपासली. सगळ्यात जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला 11.4 टक्के मिळाले, त्याच काळात बाजाराने 17.9 टक्के दिले. तुमची वही मला म्हणूनच आवडली. लिहावं लागतं म्हटलं की हात आपोआप कमी चालतो.

हिशेबात तुम्ही इंडेक्सच्या मागे निघालात, तरी नोकरी नाकारायलाच हवी असं नाही. 7 वर्षांचा आणि मूठभर शेअरचा हिशेब नशीब आणि कौशल्य वेगळं करायला पुरत नाही, हे पुढे असलात तरी लागू आहे. पण मग तुम्ही 'मला शेअर निवडता येतात' म्हणून जात नसून 'मला हे शिकायचंय' म्हणून जाताय, हे स्वतःला स्पष्ट सांगा. बोनसच्या आशेवर पगार कमी घेताना हा फरक मोठा असतो.

ताई, मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती तुमच्या पत्रात एका वाक्यापुरतीही नाही. ही कंपनी तुम्हाला का बोलावतेय?

दोन कारणं असू शकतात. एक, त्यांना तुमची नजर हवी आहे. आयसीयूत वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला जे दिसतं ते वातानुकूलित खोलीत बसून आकडे मांडणाऱ्याला दिसत नाही. थेरॅनॉस ही कंपनी आठवा. बोटाला टोचून काढलेल्या रक्ताच्या चार थेंबांवर ढीगभर चाचण्या करण्याचा तिचा दावा होता. गुंतवणूकदारांकडून तिने 70 कोटींहून अधिक डॉलर जमवले, 2014 च्या सुमारास तिची किंमत 9 अब्ज डॉलर धरली जात होती, आणि संचालक मंडळावर माजी परराष्ट्रमंत्री बसले होते. 2015 मध्ये बातमी फुटली आणि 2022 मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरल्या. मला सारखं वाटतं, त्या बैठकांमध्ये तुमच्यासारखी एक सिस्टर बसलेली असती तर तिने पहिल्या दहा मिनिटांत विचारलं असतं: बोट दाबून रक्त काढलं की त्यात पेशींबाहेरचा द्रव मिसळतो, तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं, त्याचं तुम्ही काय केलंत? हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्र लागत नाही. तो न सुचल्याने किंवा विचारायची लाज वाटल्याने लोकांचे कोट्यवधी डॉलर बुडाले.

दुसरं कारण असं, की त्यांना तुमच्या ओळखी हव्या असतील. कुठल्या औषधाची चाचणी कोणत्या वॉर्डात चालू आहे, रुग्णांना ते सोसतंय का, कुठलं यंत्र सारखं बंद पडतं म्हणून रुग्णालय पुढची मागणी रद्द करणार आहे. तुम्हाला एक फोन केला की कळेल, आणि बाजाराला कळायच्या आधी कळेल.

हे कल्पनेतलं नाही. 2008 मध्ये अल्झायमरवरच्या एका औषधाची मोठी चाचणी चालू होती. त्या चाचणीच्या सुरक्षा समितीचे प्रमुख, मिशिगन विद्यापीठातले एक नामवंत वृद्ध प्राध्यापक, एका हेज फंडासाठी काम करणाऱ्या मॅथ्यू मार्टोमा याच्याशी पैसे घेऊन सल्लागार म्हणून बोलत. निकाल जाहीर होण्याआधीच ते मार्टोमाच्या हाती पडले. त्याच्या फंडाने ते औषध बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर विकून टाकले, वर भाव पडण्यावरही पैसे लावले. टळलेला तोटा आणि झालेला फायदा मिळून साधारण 27.5 कोटी डॉलर. 2014 मध्ये मार्टोमाला 9 वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या फंडाच्या कंपनीने त्याआधीच गुन्हा कबूल करून एकूण 1.8 अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं होतं. प्राध्यापक तुरुंगात गेले नाहीत, साक्षीदार झाले. पण आयुष्यभर कमावलेलं नाव गेलं.

या प्रकरणात मला सगळ्यात बोचते ती त्याची सुरुवात. कुणीही पहिल्या दिवशी येऊन 'गुपित फोडा' म्हणत नाही. आधी कौतुक होतं. मग एक सामान्य शंका विचारली जाते. मग जेवणाचं आमंत्रण, मग 'तुमच्याशी बोललं की किती शिकायला मिळतं'. ज्या माणसाचं बोलणं आजवर कुणी फारसं मनावर घेतलं नाही, त्याला अचानक हुशार तरुण मंडळी वही उघडून ऐकायला लागतात. नर्सांचं बोलणं रुग्णालयात किती ऐकलं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणूनच म्हणतो, तुम्हाला पैशांपेक्षा या मानाचा मोह जास्त आहे.

तेव्हा होकार देण्याआधी त्यांना सरळ विचारा. माझ्या जुन्या सहकाऱ्यांशी मी कामाच्या गोष्टी बोलायच्या अशी अपेक्षा आहे का? एखादी माहिती जाहीर आहे की नाही याची शंका आली तर मी कुणाकडे जायचं, आणि त्या माणसाला व्यवहार रोखायचा अधिकार आहे का? चांगल्या कंपनीत या प्रश्नाला कंटाळवाणं, लेखी, नियमावलीतलं उत्तर मिळतं. 'अहो, एवढं काही नसतं' असं हसत हसत उत्तर आलं, तर पर्स उचला.

आता तुमचा मूल्यांचा प्रश्न. मूल्यं टिकतील का असं तुम्ही विचारता, जणू ती तुमच्या आत कुठेतरी आहेत आणि तिथली हवा लागून ती सुकतील. मला ते तसं दिसत नाही. चांगली माणसंही चुकीच्या व्यवस्थेत वर्षभरात बदलतात, आणि सामान्य माणसं नीट व्यवस्थेत बऱ्यापैकी सरळ वागतात. याचा सगळ्यात चांगला पुरावा तुमच्याच धंद्यातला आहे. 2001 मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, घालण्यासाठी पाच पायऱ्यांची यादी केली. हात धुवा, त्वचा जंतुनाशकाने पुसा, रुग्णावर निर्जंतुक चादर घाला वगैरे. तुम्हाला झोपेतही पाठ असेल. ती डॉक्टरांनाही पाठ होती. तरी नर्सांनी महिनाभर नुसतं पाहून नोंद केली, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत एखादी तरी पायरी गाळली जात होती. मग प्रशासनाने एकच नवी गोष्ट केली: पायरी गाळली तर डॉक्टरला तिथल्या तिथे थांबवायचा अधिकार नर्सला दिला. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये ही पद्धत नेली, आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लाइनमुळे होणाऱ्या रक्ताच्या जंतुसंसर्गात 66 टक्क्यांपर्यंत घट झाली.

डॉक्टर वाईट नव्हते, यादीत नवं ज्ञान नव्हतं. बदललं ते एवढंच, की हुद्द्याने लहान असलेल्या माणसाला 'थांबा' म्हणता येऊ लागलं आणि व्यवस्था त्याच्या पाठीशी राहिली.

गुंतवणूक कंपनीतही मी हेच पाहतो. भिंतीवर 'प्रामाणिकपणा' लिहिलेला असतो की नाही, याला शून्य गुण. साहेबांचा आवडता शेअर आहे, कनिष्ठ अ‍ॅनालिस्टला वहीखात्यात काहीतरी खटकलंय, तर पुढे काय होतं, याला सगळे गुण. मुलाखतीला पुन्हा गेलात तर विचारा: 'अलीकडे एखाद्या ज्युनिअरच्या आक्षेपामुळे तुम्ही खरेदी थांबवली, असं उदाहरण सांगा.' उदाहरण पटकन आलं, त्यातल्या माणसाचं नाव आदराने घेतलं गेलं आणि तो अजून तिथेच नोकरीला असला, तर जागा बरी आहे. सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर तुमची मूल्यं तिथे टिकण्याचा प्रश्नच नाही. त्यांना उभं राहायला जागा नाही.

बोनसचंही असंच. किती मिळेल यापेक्षा कशावर मिळेल ते विचारा. एका वर्षाच्या नफ्यावर ठरत असेल तर डिसेंबर जवळ आला की तुमचं मत वाकायला लागेल, आणि ते वाकतंय हे तुम्हाला कळणारही नाही. तीन-चार वर्षांच्या कामगिरीवर ठरत असेल, काही भाग त्याच फंडात अडकून राहत असेल, तर गोष्ट वेगळी. वर ज्या श्लॉस यांचं नाव घेतलं ते ग्राहकांकडून ठरावीक वार्षिक फी घेत नसत. नफा झाला तर त्यातला वाटा, एवढीच कमाई. छोटंसं कार्यालय, खर्च बेताचा. अशी माणसं आजही दुर्मिळ आहेत, तेव्हा तशीच कंपनी शोधत बसू नका. पण पैसे कुठून येतात हे कळलं की सल्ला कुठे झुकेल हे कळतं, एवढं लक्षात ठेवा.

एक गोष्ट तुम्हाला तिथे गेल्यावर त्रास देईल आणि तिची पूर्वकल्पना क्वचित कुणी देतं. आयसीयूत औषधाचा डोस बदलला की मॉनिटर काही मिनिटांत सांगतो, बरं झालं की वाईट. गुंतवणुकीत तीन वर्षं उलटली तरी आपण बरोबर होतो की नाही हे नक्की कळत नाही. चुकीच्या कारणासाठी पैसे मिळतात आणि योग्य कारण असूनही जातात. वर आलेल्या मायकेल बरी यांचंच पाहा. अमेरिकेतली गृहकर्जं बुडणार या अंदाजावर त्यांनी 2005 पासून विम्यासारख्या करारांत पैसे लावले. दोन वर्षं त्याचे हप्ते भरत राहिले, गुंतवणूकदार चिडले, पैसे परत मागू लागले, आणि त्यांनी पैसे काढण्यावर बंदी घातली तेव्हा तर वकिलांची भाषा सुरू झाली. 2007 मध्ये ते खरे ठरले. 2008 मध्ये त्यांनी फंड बंद केला. खरं ठरूनही त्यांना जे सोसावं लागलं त्याचं कारण असं, की पैसे दुसऱ्याचे होते आणि त्या दुसऱ्याची झोप त्यांच्या हातात नव्हती. तुमच्या वहीत 'का घेतला' याच्या खाली आणखी एक रकाना आखा: काय घडलं तर मी चुकले असं मानेन, आणि साधारण कधीपर्यंत. नंतर मत बदलायची वेळ आली की हा रकाना कुठल्याही सल्लागारापेक्षा उपयोगी पडतो.

यावरूनच मैत्रिणींकडे येतो. त्यांचे पैसे घेऊ नका. आत्ता नाही, नोकरी धरल्यावर नाही, 'फक्त दोन नावं सांग' इतकंही नाही. बऱ्याच देशांत मोबदला घेऊन असा सल्ला द्यायला किंवा दुसऱ्याचे पैसे सांभाळायला परवाना लागतो, हे कारण आहेच. पण परवाना असता तरी माझं उत्तर बदललं नसतं. त्या तुमच्या अभ्यासावर नव्हे, रात्री तीन वाजता तुम्ही ज्या हाताने सलाइन लावता त्या हातावर विश्वास ठेवून पैसे देतायत. तो विश्वास कमावला एका कामात आणि खर्च होणार दुसऱ्याच कामात. बाजार 30 टक्के पडेल तेव्हा, आणि तो कधीतरी पडतोच, त्यांना तुमची वही वाचून दाखवून काही उपयोग नाही. नाही म्हणायला जड जात असेल तर नियमाचा आधार घ्या. तो खोटाही नाही. अशा कंपन्यांमध्ये बहुधा तुमच्या स्वतःच्या शेअरचीही माहिती द्यावी लागते, खरेदी-विक्रीआधी परवानगी घ्यावी लागते, काही नावांना तर हात लावायचीच मनाई असते. तुमची स्वतःची 7 वर्षांची मोकळीकही त्यात जाईल, हेही तोलून पाहा. मैत्रिणींना द्यायचंच असेल तर कर्ज आधी फेडायचं, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा आणि फी कमी असलेला इंडेक्स फंड कसा निवडायचा, हे एकदा बसून समजावून सांगा. त्यातून त्यांचं जेवढं भलं होईल तेवढं तुमच्या कुठल्याही शेअरने होणार नाही.

वडिलांशी मात्र वाद घालू नका, कारण ते निम्मे बरोबर आहेत. बाजारात जुगार चालतो, आणि बराच चालतो. त्यांना पटवण्याच्या भरात 'मी नव्या औषधांना भांडवल मिळवून देते, म्हणजे तेही माणसं वाचवणंच' असं म्हणायचा मोह होईल. तो आवरा. बाजारात घेतलेला शेअर बहुतेक वेळा दुसऱ्या गुंतवणूकदाराकडून येतो; ते पैसे कंपनीच्या प्रयोगशाळेत जात नाहीत. कुणाचे निवृत्तीचे पैसे नीट सांभाळणं, एखाद्या लबाड कंपनीपासून ते दूर ठेवणं, हे सरळ, उपयोगी काम आहे. त्याला सेवेचा मुलामा द्यायची गरज नाही, आणि तो दिला की माणूस स्वतःला नको तितकं माफ करायला लागतो. वडिलांना वही दाखवा. किती वेळा काहीच घेतलं नाही, ती पानं आधी.

आणि जायलाच हवं का, हेही एकदा विचारा. अ‍ॅन शायबर नावाची अमेरिकी करखात्यातली लेखापरीक्षक 1944 मध्ये साधारण 5,000 डॉलरची बचत घेऊन निवृत्त झाली. घरी बसून ती शेअर घेत राहिली आणि जवळजवळ कधी विकलेच नाहीत. 1995 मध्ये 101 व्या वर्षी वारली तेव्हा तिने एका विद्यापीठाला सुमारे 2.2 कोटी डॉलर ठेवले. फार एकाकी आणि काटकसरीने जगली, ते अनुकरणीय मुळीच नाही. पण गुंतवणूक करायला गुंतवणुकीची नोकरी लागत नाही, हे तिने दाखवलं. तुम्हाला वॉर्डाचा कंटाळा आलाय की अभ्यासाची ओढ आहे? कंटाळा असेल तर त्यावर बदली, वेगळा विभाग, शिकवण्याचं काम असे पगार न घटवणारे उपाय आहेत. पत्रावरून मला ओढ जास्त वाटते, पण मी पत्रच पाहिलंय, तुम्हाला नाही.

दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा विचार मात्र सोडून द्या. दिवसा अ‍ॅनालिस्ट आणि आठवड्याला दोन नाइट, ही व्यवस्था वरून सगळ्यात सुरक्षित दिसते, पण आहे सगळ्यात धोक्याची. रात्री वॉर्डात एखाद्या औषधाचा परिणाम डोळ्यांनी बघायचा आणि सकाळी त्याच कंपनीवर मत लिहायचं, यात तुम्ही कितीही सरळ राहिलात तरी ते सिद्ध करता येणार नाही. रुग्णाची माहिती ही तुमची नाहीच. जाल तेव्हा पूर्ण जा. वॉर्डात चालू असलेल्या ज्या चाचण्यांबद्दल तुम्हाला आत्ता काही माहीत आहे, त्या कंपन्यांची नावं पहिल्याच दिवशी कंपनीला लेखी कळवा, आणि त्यातलं सगळं जाहीर होईपर्यंत त्यांचा अभ्यास मला देऊ नका असं सांगा. त्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही पाहा.

या सगळ्या प्रश्नांची उत्तरं सरळ मिळाली, तर मी तुमच्या जागी गेलो असतो. 37 हे वय उशिराचं नाही. निदान दीड-दोन वर्षं कमी पगारात, बोनस शून्य धरून घर चालेल का, हा हिशेब नवऱ्याबरोबर कागदावर करा. 'तू ठरव' हे उत्तर प्रेमाचं आहे, पण घराच्या हप्त्यात त्यांचाही वाटा असेल. नर्सिंगची नोंदणी रद्द होऊ देऊ नका. नूतनीकरणाची तारीख, लागणारे प्रशिक्षणाचे तास आणि काम सोडून किती काळ गेला तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते, हे राजीनामा लिहिण्याआधी तुमच्या परिषदेकडून लेखी मागवून घ्या.